बारा शब्दांची तिजोरी

गव्हाण फाट्यावरून दिवसरात्र कंटेनरचे ट्रेलर धावत असतात. पनवेल तालुक्यातल्या या पट्ट्यात एके काळी भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवरच संसार चालत. १९७० साली सिडको स्थापन झाली. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल एकाच दिवशी आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. या सगळ्यासाठी जमिनी गेल्या आणि जमिनींचा मोबदला आला. तोही सुखासुखी आला नाही. जानेवारी १९८४ मध्ये शेजारच्या जासईच्या परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना उभी राहिली.

इतक्या मोलाने आलेला पैसा ठेवायचा कुठे, हा प्रश्न या भागातल्या घराघरांत तीन पिढ्या विचारला जात आहे. आजोबांच्या पिढीने सोने केले, घर बांधले. मुलांच्या पिढीने पतपेढी आणि सहकारी बँक गाठली. आता नातवाच्या हातात मोबाइल आहे आणि त्याच्या तोंडी 'क्रिप्टो' हा शब्द आहे. मग रविवारी जेवताना वाद रंगतो. वडीलधारी मंडळी त्याला जुगार म्हणतात, तरुण मंडळी भविष्य म्हणतात. दोन्ही बाजू बोलतात त्या भावाविषयी: आज किती चढला, काल किती पडला. या पैशाची किल्ली नेमकी कोणाच्या हाती असते, ही गोष्ट मात्र सहसा कोणी विचारत नाही. गेल्या काही वर्षांत लोकांचे जे मोठे नुकसान झाले, त्यातला बराच भाग भाव पडल्याने नव्हे, या न विचारलेल्या प्रश्नापायी झालेला आहे.

पाकिटात पैसे नसतात

क्रिप्टोचे पाकीट, म्हणजे 'वॉलेट', हा शब्दच थोडा फसवा आहे. आपल्या खिशातल्या पाकिटात नोटा असतात. या पाकिटात पैसे नसतातच, असते ती फक्त किल्ली. पैशाची नोंद जगभरातल्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या एका सामाईक खातेवहीत असते. सातबाराचा उतारा घरात ठेवला म्हणून जमीन घरात येत नाही, तसेच हे. फरक एवढाच, की सातबाऱ्यावर चुकीचा फेरफार झाला तर तलाठ्याच्या वरती मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत अशी दाद मागायची शिडी आहे. या खातेवहीला तहसीलदार नाही. किल्ली ज्याच्या हाती, तो मालक, आणि एकदा झालेला फेरफार कायमचा.

ही किल्ली ठेवण्याची सर्वांत प्रचलित सोय म्हणजे ब्राउझरचे एक्स्टेंशन. आपण ज्या ब्राउझरमधून इंटरनेट पाहतो, त्याच्या कोपऱ्यात बसवायचा हा एक छोटा जोडप्रोग्राम. कोल्ह्याचे चित्र असलेले 'मेटामास्क' हे त्यातले सर्वांत परिचित नाव. ते २०१६ सालापासून वापरात आहे. ते बसवायला पाच मिनिटे लागतात आणि याच पाच मिनिटांत पुढच्या सगळ्या सुखदुःखाचे बीज पडते.

प्रोग्राम बसवला की तो आधी एक पासवर्ड ठरवायला सांगतो. मग पडद्यावर साधे, रोजच्या वापरातले बारा इंग्रजी शब्द दाखवतो आणि बजावतो, की हे याच क्रमाने कागदावर लिहून ठेवा. हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठराविक यादीतून निवडलेले असतात. ही पद्धत २०१३ साली ठरली. बारा शब्द म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल, पण त्यांच्या शक्य जुळण्यांची संख्या एकोणचाळीस आकडी आहे. अंदाजाने ती गाठणे कोणत्याही संगणकाला शक्य नाही. चोराला मात्र अंदाज करावाच लागत नाही. तो ते शब्द मालकालाच विचारतो.

इथे पासवर्ड आणि शब्द यांतला फरक समजून घ्यायला हवा, कारण निम्मी माणसे तिथेच घसरतात. पासवर्ड हा त्या एका संगणकावरच्या पाकिटाची कडी आहे. तो विसरला तरी बिघडत नाही. संगणक जळाला, चोरीला गेला, मुलाने फॉरमॅट केला, तरीही काही बिघडत नाही. नव्या संगणकावर तेच एक्स्टेंशन बसवायचे, 'जुने पाकीट परत आणा' हा पर्याय निवडायचा, बारा शब्द त्याच क्रमाने भरायचे, नवा पासवर्ड ठरवायचा. पाकीट जसेच्या तसे समोर उभे राहते. पण शब्द हरवले आणि संगणकही गेला, तर मग जगातली कोणतीही कंपनी, कोणताही इंजिनिअर, कोणतेही न्यायालय ते पाकीट उघडून देऊ शकत नाही. आणि ते शब्द दुसऱ्या कोणाला कळले, तर त्याला तुमचा संगणक लागत नाही, पासवर्ड लागत नाही, सही तर नाहीच नाही.

शब्द भरले तरी सगळेच परत येते असेही नाही. मुख्य खाते येते. त्याच शब्दांतून पुढे काढलेली खातीही येतात, काही वेळा ती हाताने पुन्हा जोडून घ्यावी लागतात. बाहेरून स्वतंत्र किल्लीने आणून बसवलेले खाते मात्र त्या बारा शब्दांत नसते. त्याची किल्ली वेगळी जपलेली नसेल तर ते गेले. म्हणून जाणकार माणसे आधी थोडक्या रकमेवर हा सगळा खटाटोप करून पाहतात: पाकीट मुद्दाम पुसून टाकतात, शब्द भरून परत आणतात आणि मगच मोठी रक्कम तिकडे वळवतात. आगीचा बंब आग लागल्यावर पहिल्यांदा चालवून पाहू नये, तशातला हा भाग.

दहा जणांचा पैसा, एकाची किल्ली?

इथवर झाली एकट्या माणसाची गोष्ट. पण पैसा एकट्याचा नसेल तर? समजा, चार भावांनी भूखंड विकला आणि चौघांची एक भागीदारी संस्था आहे. तिने या व्यवहारात उतरायचे ठरवले, तर बारा शब्दांचा कागद कोणाच्या कपाटात ठेवायचा? थोरल्याच्या कपाटात ठेवला तर तो चौघांचा पैसा एकट्याने हलवू शकतो. चौघांनी चार प्रती केल्या तर कुणीही एक जण सगळे नेऊ शकतो आणि नेल्यावर ते चौघांपैकी कोणी नेले हे कधी कळणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे फार जुने आहे. सरकारी कोषागाराची खोली दुहेरी कुलपाची असते, दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे. बँकेचा लॉकर ग्राहकाच्या आणि बँकेच्या अशा दोन किल्ल्या लावल्याशिवाय उघडत नाही. ग्रामपंचायतीचे खाते सरपंच आणि ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) यांच्या दोन सह्यांनी चालते. सोसायटीच्या चेकवरही अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार यांच्यापैकी दोघांच्या सह्या लागतात. एकाच्या मनात पाप आले तरी दुसरा अडवील, हा त्यामागचा साधा हिशेब.

संस्थांसाठी बनवलेली क्रिप्टोची पाकिटे याच हिशेबाने चालतात. काहींमध्ये अनेक किल्ल्या असतात आणि त्यांतल्या ठराविक लागल्याशिवाय व्यवहार होत नाही. काहींमध्ये एकाच किल्लीचे तुकडे करून ते वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात. किल्ली सांभाळणारी कंपनी वेगळी असते, तिला 'कस्टोडियन' म्हणतात. संस्थेच्या कर्मचाऱ्याच्या ब्राउझरमधले एक्स्टेंशन हे अशा वेळी तिजोरी राहत नाही, ते अर्ज करायची खिडकी होते. कर्मचारी तिथून व्यवहार मांडतो, मंजुरी देणारे दुसरीकडे मंजुरी देतात, कस्टोडियन शेवटची कळ दाबतो. ते बसवताना कोण मांडणार, कोण मंजूर करणार, किती रकमेपर्यंत किती जण लागतील, पैसे कोणत्या पत्त्यांवर जाऊ शकतील, हे सगळे आधी लिहून ठरवावे लागते.

म्हणूनच संस्थेचे पाकीट परत उभे करणे हा प्रकारही वेगळा असतो. कर्मचाऱ्याचा संगणक बिघडला आणि त्याने नव्या संगणकावर बारा शब्द भरले, तर त्याचे स्वतःचे खाते परत येते. संस्थेची खाती येत नाहीत, कारण त्यांची किल्ली त्या शब्दांत कधी नव्हतीच. ती कस्टोडियनकडे पुन्हा ओळख पटवून, परवानगी घेऊन नव्याने जोडावी लागतात. नवख्या माणसाचा इथे थरकाप होतो, पैसे गेले असे वाटते. वस्तुतः ती अडचण नसून सोय आहे. नोकरी सोडून गेलेला माणूस घरी बसून संस्थेची तिजोरी उघडू शकत नाही, ती याचमुळे. अर्थात, त्याचे नाव मंजुरीच्या यादीतून वेळेवर काढले असेल तर!

सह्या झाल्या, पैसे गेले

एवढी तजवीज असूनही काय होऊ शकते, याचा धडा मुंबईतच मिळाला. 'वझीरएक्स' हा देशातल्या मोठ्या क्रिप्टो बाजारांपैकी एक. १८ जुलै २०२४ रोजी त्याच्या एका पाकिटातून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे साधारण दोन हजार कोटी रुपये किमतीची मालमत्ता चोरीला गेली. ग्राहकांच्या एकूण मालमत्तेचा हा जवळपास ४५ टक्के भाग होता. पाकीट एका किल्लीचे नव्हते. सहा जणांना सहीचा अधिकार होता: पाच कंपनीचे आणि एक कस्टोडियनचा. कंपनीच्या तिघांनी मंजुरी द्यायची, मग कस्टोडियनने. किल्ल्या ठेवायला वेगळी उपकरणे होती. पैसे फक्त आधी ठरवलेल्या पत्त्यांवर जातील, अशीही योजना होती.

मग चोर आला कुठून? तो सह्यांमधूनच आला. पडद्यावर दिसत होता नेहमीचा साधा व्यवहार आणि प्रत्यक्षात सही होत होती ती दुसऱ्याच कागदावर, असे कंपनीने सांगितले. आपल्या यंत्रणेत कोणी शिरले नव्हते, असे कस्टोडियन कंपनीने सांगितले. दोष कोणाचा हा वाद राहिला, पण घडले ते असे, की त्या सह्यांनी पाकिटाचे नियमच बदलले गेले आणि ताबा चोराकडे गेला. मग किल्ल्या सहा होत्या की साठ, याला अर्थ उरला नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया या तीन देशांनी संयुक्त निवेदनात या चोरीचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला. पुढच्याच महिन्यात 'बायबिट' या परदेशी बाजारातून सुमारे दीडशे कोटी डॉलर गेले, तेही असेच: पडद्यावर एक, सही दुसऱ्यावर.

हा रोग आपल्याला अनोळखी नाही. 'साहेब, इथे सही करा' म्हटल्यावर न वाचता सही करणारे अध्यक्ष आणि गावाला जाण्यापूर्वी कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवणारे खजिनदार आपण पाहिले आहेत. दोन सह्यांचा नियम दोन डोकी एकाच कागदाकडे पाहतील या भरवशावर बनवलेला असतो. दुसरा जर पहिल्याची सही पाहून सही करत असेल, तर दोन सह्या मिळून एकच सही होते. नव्या यंत्राने या जुन्या सवयीला फक्त वेग दिला. कागदाच्या जमान्यात कोरा चेक वटायला दिवस लागत, इथे मिनिट पुरते.

वझीरएक्सच्या ग्राहकांचे पैसे सव्वा वर्ष अडकून पडले. कंपनीची पालक संस्था सिंगापूरची असल्याने पुनर्रचनेची योजना तिथल्या उच्च न्यायालयात गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरीनंतर व्यवहार पुन्हा सुरू झाले. त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने याच बाजाराच्या एका ग्राहकाच्या प्रकरणात क्रिप्टो ही मालमत्ता आहे, ती विश्वस्त म्हणून दुसऱ्यासाठी धारण करता येते, असे म्हटले. सामान्य माणसाच्या दृष्टीने या वाक्याला मोल आहे. किल्ली कंपनीकडे असली तरी धन ग्राहकाचे, असा त्याचा रोख आहे.

किल्लीवरचा पहारेकरी

पोलीस खात्यासारख्या संस्थेलाही हा प्रश्न सुटलेला नाही. पुण्यात २०१८ साली बिटकॉइनच्या गुंतवणुकीतल्या मोठ्या फसवणुकीचा तपास सुरू झाला. आरोपींची पाकिटे उघडायची कशी, हे खात्याला ठाऊक नव्हते, म्हणून बाहेरचे दोन तज्ज्ञ मदतीला घेतले गेले. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली. तपासासाठी हाती आलेल्या पाकिटांतले बिटकॉइन त्यांनी परस्पर वळवले, असा त्यांच्यावर आरोप आहे. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. पण घरफोडीतले दागिने मुद्देमाल म्हणून जप्त करताना पंचनामा होतो, सील लागते. जप्त केलेले शब्द वाचले की वाचणाऱ्याच्या डोक्यातही जातात आणि डोक्याला सील लावता येत नाही. अशा मुद्देमालाला एकच उपाय: जप्तीबरोबरच ते धन सरकारच्या, अनेक किल्ल्यांच्या पाकिटात हलवणे.

दुसरे टोक म्हणजे किल्ली एकाच माणसाकडे असणे आणि तो माणूस जाणे. कॅनडातल्या 'क्वाड्रिगा' या बाजाराचा तरुण संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरमध्ये वारला. पाकिटांच्या किल्ल्या फक्त त्यालाच माहीत होत्या, असे त्याच्यामागे सांगण्यात आले. हजारो ग्राहक वाऱ्यावर आले. पुढे तपासनिसांनी पाहिले तर त्यातली मुख्य पाकिटे त्याच्या मृत्यूच्या कितीतरी महिने आधीपासून रिकामीच होती. २०२० साली तिथल्या नियामकाने हा सरळसरळ घोटाळा होता, असा निष्कर्ष काढला. ज्या तिजोरीत दुसरा कोणी डोकावू शकत नाही, ती भरलेली आहे की रिकामी हे कळायलाही माणूस मरावा लागतो.

बँकेची आठवण

'पण बँका तरी कुठे सुरक्षित आहेत?' असे नातू विचारील आणि पनवेलमध्ये तरी त्याला गप्प करता येणार नाही. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेत बनावट कर्जखाती दाखवून ५०० कोटींहून अधिक रक्कम वळवल्याचे प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. तिथेही सह्या होत्या, संचालक मंडळ होते, किल्ल्या होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. ठेवीदारांचे हाल झाले, हे खरेच.

पण त्याच वेळी रिझर्व्ह बँकेने सांगितले, की सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना ठेव विम्यातून त्यांची पूर्ण रक्कम मिळेल. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला तो विमा आहे. बँक बुडाली तरी तिच्या पाठीमागे कोणीतरी उभे होते. क्रिप्टोच्या पाकिटामागे असा विमा नाही. सरकारने एप्रिल २०२२ पासून त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर लावला, जुलै २०२२ पासून व्यवहारावर एक टक्का टीडीएस लावला आणि मार्च २०२३ पासून असे व्यवहार मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आणले. कर घेणारा हात आहे, नुकसान भरून देणारा नाही. एवढे समजून ज्याला उतरायचे त्याने उतरावे. जमिनीचा सगळा मोबदला घेऊन मात्र कोणीही उतरू नये.

आणि घरातले कोणी आधीच उतरलेले असेल, तर काही गोष्टी आजच पाहाव्यात. बारा शब्द कागदावर, शाईने, क्रमांक घालून लिहिलेले हवेत, दोन वेगळ्या जागी ठेवलेले. त्यांचा फोटो काढू नये, व्हॉट्सॲपवर पाठवू नये, ई-मेलमध्ये ठेवू नये. एक्स्टेंशन शोधयंत्रात पहिल्या दिसलेल्या दुव्यावरून घेऊ नये, हुबेहूब दिसणारी बनावट एक्स्टेंशने पुष्कळ फिरतात. कंपनीचा माणूस म्हणून फोन करून जो शब्द विचारतो, तो चोर आहे, याला अपवाद नाही. गेलेले पैसे परत आणून देतो म्हणणारा बहुधा दुसरा चोर असतो. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

पैसा सामाईक असेल तर पाकीटही सामाईक, अनेक किल्ल्यांचे असावे आणि सही करणाऱ्या प्रत्येकाने रक्कम आणि पत्ता आपल्या डोळ्यांनी, आपल्या यंत्रावर ताडून पाहावा. समजले नाही तर सही करू नये. चार माणसांत 'मला कळले नाही' म्हणणाऱ्याला आपण भित्रा समजतो, पण अशा पाकिटाचा खरा राखणदार तोच असतो.

शेवटची गोष्ट बोलायला अवघड आहे. बँकेच्या खात्याला नॉमिनी असतो, जमिनीला वारस नोंद असते. कागदावर लिहिलेल्या बारा शब्दांना वारस लागत नाही, सापडणारा लागतो. मृत्युपत्रात ते शब्द लिहू नयेत, कारण मृत्युपत्र पुढे अनेकांच्या हाती जाते. पण असे काही धन आहे आणि त्याचा कागद कुठे आहे, एवढे तरी बायकोला, मुलीला, भावाला, कोणा एका विश्वासाच्या माणसाला माहीत असायला हवे. ते माहीत नसेल तर माणसामागे ते धन कोणाचेच राहत नाही. खातेवहीत त्याची नोंद दिसत राहते आणि घरच्यांना ती फक्त पाहता येते. आज रविवार आहे, घरातली सगळी एकत्र आहेत. आजचा भाव काय, हे उद्याही विचारता येईल. किल्ली कुठे आहे, हे मात्र आजच विचारून ठेवलेले बरे.